तेरा डिसेंबरचं सरकार

पोलंडमध्ये सरकारला शिवी द्यायची तर नुसती तारीख पुरते. इथले उजव्या विचारांचे लोक डोनाल्ड टुस्क यांच्या सरकारला 'तेरा डिसेंबरची आघाडी' म्हणतात. सभेत म्हणतात, टीव्हीवर म्हणतात आणि आमच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त गृहस्थ लिफ्टमध्येही म्हणतात. वरवरचं कारण एवढंच की या मंत्रिमंडळानं १३ डिसेंबर २०२३ रोजी शपथ घेतली. पण १३ डिसेंबर १९८१ हा कम्युनिस्ट राजवटीचे प्रमुख जनरल यारुझेल्स्कींनी मार्शल लॉ पुकारला तो दिवस. रविवार होता. फोन बंद पडले होते, रस्त्यावर बर्फ आणि बर्फात रणगाडे. मुलांनी सकाळी टीव्ही लावला तर त्यांचा रविवारचा कार्यक्रम गायब आणि पडद्यावर गणवेशातला, चष्मा घातलेला एक माणूस कागद वाचून दाखवतोय. आज पन्नाशीत असलेला कुणीही पोल ही आठवण न विचारता सांगतो. त्यामुळे 'तेरा डिसेंबर' म्हटलं की पुढे 'देशद्रोही' असं जोडायची गरज उरत नाही. ऐकणारा स्वतःच जोडतो.

मी नोकरीसाठी वॉर्सात आले तेव्हा या देशाबद्दल मला जुजबी माहिती होती. भाषा शिकायची म्हणून रोज रात्रीच्या बातम्या ऐकायला लागले. क्लासमध्ये बाजारहाट, हवामान, डॉक्टरकडे काय सांगायचं हे शिकवत. बातम्यांतून मात्र मी गद्दारी, हौतात्म्य, फाळणी, एजंट, सन्मान, गुडघे टेकणं आणि गुडघ्यांवरून उठणं असले शब्द गोळा करत होते. भाजीवालीशी अडखळत बोलणारी मी संसदेतली भांडणं बऱ्यापैकी समजून घ्यायला लागले, कारण त्यांचा शब्दसंग्रह मर्यादित आहे आणि तो सारखा सारखा येतो. तो आला कुठून, हे कळायला मात्र पुष्कळ वेळ लागला.

१७७२, १७९३ आणि १७९५. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तीन घासांत हा देश संपवला. त्यानंतर १२३ वर्षं युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचं राज्य नव्हतं. ज्यांचं राज्य असतं ते लोक राजकारणात कशावरून भांडतात? कर किती, कालवा कुठून काढायचा, शाळेत काय शिकवायचं यावरून. इथे कर लावणारा परका, कालवा काढणारा परका, शाळाही त्याचीच. उरायचा प्रश्न एकच होता: तू त्यांच्या बाजूचा की आमच्या? चार पिढ्या राजकारणाचा अभ्यास या एकाच प्रश्नावर झाला. मग १९१८ साली राज्य परत मिळालं, मंत्री आले, अंदाजपत्रकं आली, पण वाद घालायची सवय जुनीच राहिली, असं माझं मत आहे. रेल्वेच्या कंत्राटाचा वादसुद्धा दहा मिनिटांत 'तू कुणाचा' इथवर येतो.

शिवाय त्या १२३ वर्षांत देशाच्या वतीनं बोलायचं कुणी? राजा नाही, संसद नाही. ते काम कवींवर पडलं. आदाम मिट्सक्येविच हा त्यांचा महाकवी. जन्म आजच्या बेलारूसमधल्या भागातला, आयुष्य निर्वासितपणात गेलेलं, वॉर्सा आणि क्राकुफ ही शहरं त्यानं हयातीत पाहिलीसुद्धा नाहीत. त्याच्या महाकाव्याची सुरुवातच लिथुआनियाला 'माझी मायभूमी' म्हणून होते आणि पोलिश शाळकरी मुलं ती ओळ पाठ करतात. त्याच्या पिढीनं एक कल्पना घट्ट रुजवली: पोलंड हा राष्ट्रांमधला ख्रिस्त. तो इतरांसाठी यातना भोगतो आहे आणि एक दिवस उठणार आहे. एकदा ही कल्पना मनात बसली की पराभवानं काहीच सिद्ध होत नाही. १८३०चा उठाव हरला, १८६३चा हरला, १९४४चा तर भयंकर हरला. तिन्ही आदरानं साजरे होतात.

१९४४च्या उठावाची आठवण म्हणून १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता वॉर्सात भोंगे वाजतात. ट्राम थांबतात, गाड्या थांबतात, माणसं जागच्या जागी उभी राहतात. शहराच्या मधोमध एक मोठा चौक आहे, तिथे तरुण मुलं लाल धुराच्या नळकांड्या पेटवतात. मीही तिथे उभी राहिले आहे आणि अंगावर काटा आला होता, हे नाकारत नाही. ६३ दिवस चाललेल्या त्या उठावात दीड ते दोन लाख नागरिक मेले, नंतर जर्मनांनी उरलेलं शहर पद्धतशीर उडवून दिलं. गंमत अशी की त्या चौकाला नाव आहे रोमान द्मोव्स्कींचं. आजचे राष्ट्रवादी त्यांना दैवत मानतात, आणि त्यांना स्वतःला मात्र असले वीरश्रीचे उठाव अजिबात मान्य नव्हते.

याच्या उलट एक उठाव जिंकलासुद्धा होता. १९१८-१९मध्ये पोझनानच्या भागात पोलिश लोकांनी जर्मनांच्या हातून आपला प्रांत सोडवला. तिथली माणसं त्याआधी कित्येक दशकं पतपेढ्या काढत होती, शेतकरी मंडळं चालवत होती, जमिनी हातच्या जाऊ देत नव्हती. त्या विजयी उठावाला राष्ट्रीय दिवस मिळाला कधी? २०२१ साली. १९४४च्या हरलेल्या उठावाला एवढं थांबावं लागलं नव्हतं. वॉर्सातही १८६३च्या पराभवानंतर एक पिढी अशीच कामाला लागली होती. रशियन पोलिसांना चुकवून घराघरांतून फिरतं विद्यापीठ चालायचं, त्यात मुली शिकायच्या. मारिया स्क्वोदोव्स्का, म्हणजे आपल्या मादाम क्युरी, त्यातलीच एक. पण मुकाट्यानं शाळा चालवणाऱ्यांच्या आठवणीवर सभा गाजवता येत नाही.

कविता आणि राजकारण किती जवळ असू शकतं याचं मला पटलेलं उदाहरण १९६८चं आहे. वॉर्साच्या नॅशनल थिएटरात मिट्सक्येविचचं 'द्यादी' हे नाटक लागलं होतं. झारच्या काळात लिहिलेलं, त्यामुळे मॉस्कोहून इथे सगळे लबाड पाठवले जातात अशा अर्थाच्या ओळी त्यात आहेत. त्या आल्या की प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट होई. सरकारनं प्रयोग बंद केले. ३० जानेवारीच्या शेवटच्या प्रयोगानंतर विद्यार्थी कवीच्या पुतळ्याकडे चालत गेले, आणि त्यातून मार्चचं मोठं आंदोलन उभं राहिलं. सरकारनं त्याला उत्तर म्हणून ज्यूविरोधी मोहीम उघडली आणि हजारो पोलिश ज्यूंना देश सोडायला लावला. तिथेही 'तू कुणाचा' हाच प्रश्न होता, या वेळी राज्यानं आपल्याच नागरिकांना विचारलेला.

आता 'तार्गोवित्सा'. हे एका गावाचं नाव. ३ मे १७९१ला पोलंडनं युरोपातली पहिली आधुनिक लिखित राज्यघटना केली, तेव्हा जुने अधिकार जाणार म्हणून काही बडे सरदार रशियाच्या राणीकडे गेले आणि १७९२मध्ये त्यांनी या गावाच्या नावानं संघ स्थापला. राणीनं सैन्य पाठवलं आणि सगळंच गेलं. तेव्हापासून तार्गोवित्सा म्हणजे परक्याला घरात आणणारा. आपल्याकडे सूर्याजी पिसाळाच्या नावाचं झालं तसंच, आणि पिसाळाबद्दल इतिहासकार काय म्हणतात याची शिवी देणारा जशी फिकीर करत नाही तशीच इथेही. युरोपियन युनियनकडे न्यायालयांच्या स्वातंत्र्याची तक्रार नेणाऱ्या विरोधकांना गेल्या दहा वर्षांत हे नाव कितीदा चिकटवलं गेलं त्याला गणती नाही. घटनेच्या बाजूनं बोलणाऱ्यांना घटना बुडवणाऱ्यांचं नाव! पण शिवीला तर्काची गरज नसते.

एवढं वाचून हे लोक इतिहासानं पछाडलेले आहेत असं म्हणून मोकळं होता येईल. मीही काही काळ तसं म्हणायचे. कातिनच्या हत्याकांडाबद्दल नीट वाचलं तेव्हापासून ते म्हणणं मला हलकं वाटायला लागलं.

१९४०च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी, पोलीस, डॉक्टर, वकील गोळ्या घालून मारले. त्याच एप्रिलमध्ये अशा कैद्यांच्या घरच्यांना, म्हणजे मुख्यतः बायका आणि मुलांना, मालगाड्यांत घालून कझाकस्तानात नेलं. पुढे १९४१मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, स्टालिनला पोलंडची गरज पडली, हद्दपारांची सुटका झाली आणि त्यातले काही हजार इराणमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ मुलांची छावणी उभी राहिली, आणि १९४३मध्ये आमच्या कोल्हापुराजवळ वळिवड्याला मोठी छावणी. पाचएक हजार माणसं, बहुतेक बाया आणि पोरं. शाळा, चर्च, स्काउट, नाटकं सगळं होतं. माझ्या आजीच्या बोलण्यात 'पोलंडच्या बायका' यायच्या, त्यांच्या झग्यांसकट. त्या वळिवड्याला पोचल्या त्याच वर्षी कातिनच्या जंगलात प्रेतांचे ढीग सापडल्याचं जर्मनांनी जाहीर केलं. पोलंडच्या लंडनमधल्या सरकारनं रेडक्रॉसकडून चौकशी मागितली, तर स्टालिननं त्यांच्याशी संबंधच तोडले. इंग्रजांनी युद्ध चालू आहे म्हणून गप्प राहायला सांगितलं. वळिवड्यातल्या कितीतरी जणींच्या घरचा माणूस त्या ढिगात असू शकत होता. आणि १९४५मध्ये याल्टात त्यांची गावंच सोव्हिएत युनियनला दिली गेली. युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूला असून त्यांना परतायला घर उरलं नाही. १९४८पर्यंत छावणी रिकामी झाली, पुढे तिथे सिंधी निर्वासित आले आणि ते आजचं गांधीनगर.

कातिन जर्मनांनी केलं असंच पोलंडमध्ये त्यानंतर साडेचार दशकं अधिकृतपणे शिकवलं गेलं. घरात खरं माहीत असायचं, शाळेत खोटं लिहायचं. मॉस्कोनं कबुली दिली ती एप्रिल १९९०मध्ये. आता १० एप्रिल २०१० घ्या. कातिनला ७० वर्षं झाली म्हणून राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की रशियातल्या स्मोलेन्स्ककडे निघाले. दाट धुक्यात विमान कोसळलं, ९६ जण गेले. कातिनपासून थोड्याच अंतरावर. पोलंडच्या अधिकृत चौकशीनं धुकं, वैमानिकांनी परवानगीपेक्षा खाली आणलेलं विमान, प्रशिक्षणातल्या उणिवा अशी कारणं दिली. ती मला पटतात. पण याच जागेबद्दल अर्धं शतक खोटं सांगितलं गेलं होतं, आणि ते खोटं मानायला नकार देणारे शेवटी खरे ठरले होते. अशा देशात 'अपघात' हा शब्द ऐकून काही लोकांच्या भुवया उंचावल्या तर त्यांना मूर्ख म्हणवत नाही. ज्यांनी त्या भुवयांवर पक्ष बांधला, त्यांची गोष्ट वेगळी.

तो बांधला गेला. दर महिन्याच्या दहा तारखेला राष्ट्राध्यक्ष भवनासमोर मोर्चा, क्रूस, भाषण असायचं. स्फोटाचा सिद्धांत सिद्ध करायला काचिन्स्कींच्या पक्षाच्या सरकारनं खास समिती नेमली, टुस्क यांच्या सरकारनं ती आल्याबरोबर गुंडाळली. १८ जुलै २०१७च्या रात्री सेय्ममध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, सर्वोच्च न्यायालयावरच्या विधेयकावर चर्चा चालू होती. विरोधकांपैकी कुणीतरी दिवंगत राष्ट्राध्यक्षांचं नाव घेतलं. त्यांचे जुळे भाऊ आणि पक्षाचे प्रमुख यारोस्लाव काचिन्स्की पाळी नसताना उठून व्यासपीठावर गेले आणि म्हणाले, तुमची गद्दार थोबाडं माझ्या भावाच्या नावानं पुसू नका, तुम्ही त्यांना मारलंत. चर्चा होती न्यायाधीश कुणी नेमायचे याची. ती चित्रफीत मी पुन्हा पाहिली तेव्हा मला त्यात डावपेच कमी आणि दुःख जास्त दिसलं. दुःख खरं असलं म्हणून आरोप खरा होत नाही, हेही तेवढंच.

टुस्क यांना यातला सगळ्यात मोठा वाटा मिळाला. २००५च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, मतदानाच्या तोंडावर, त्यांचे आजोबा जर्मन सैन्यात होते असं प्रतिस्पर्धी गोटातून पसरवलं गेलं. हे आजोबा काशुबियन, म्हणजे समुद्रकाठच्या भागातले. आधी नाझींच्या छळछावण्यांत राहून आलेले, मग १९४४मध्ये सक्तीनं भरती झालेले. एवढं सगळं एका वाक्यात मावत नाही, 'वेहरमाख्टमधला आजोबा' मावतो. टुस्क हरले. अठरा वर्षांनी, ११ डिसेंबर २०२३ला, त्यांची पंतप्रधान म्हणून निवड झाली त्या रात्री काचिन्स्की पुन्हा व्यासपीठावर गेले आणि म्हणाले, आपले आजोबा कोण होते ते मला ठाऊक नाही, पण आपण जर्मन एजंट आहात. पोलिश संसदेत 'आपण' सहसा सुटत नाही. जुन्या सरदारांच्या सभेतलं आदरार्थी बोलणं शिव्यांतही टिकून आहे.

या सरदारी थाटाबद्दल थोडं बोलायलाच हवं. जुन्या पोलंडमध्ये सरदार-उमराव जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुसंख्य शेतकरी, आणि ते वेठबिगार. एकट्या सभासदानं 'मला मान्य नाही' म्हटलं की सगळी संसद बरखास्त, हा त्या दहा टक्क्यांचा लाडका हक्क. आज राजकारणी देशाच्या भूतकाळाबद्दल बोलतात तेव्हा सगळे जणू त्याच दहा टक्क्यांचे वंशज असतात. १८४६मध्ये गालिसियात शेतकऱ्यांनी जमीनदारांची कत्तल केली, ऑस्ट्रियाविरुद्ध उठाव करायला निघालेल्या देशभक्त जमीनदारांची. आणि रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये वेठ प्रत्यक्षात संपली ती १८६४मध्ये झारच्या हुकमानं. आदल्या वर्षी बंडखोरांनीही तसं जाहीर केलं होतं, पण त्यांच्या हातात सत्ता नव्हती. हे कुठल्या भाषणात बसवणार? अलीकडे इथले इतिहासकार त्यावर भरभरून लिहितात, पुस्तकं खपतात. व्यासपीठावर मात्र वेठबिगार पूर्वज अजून पोचलेले नाहीत. आंद्रेय लेप्पर नावाचा एक शेतकरी पुढारी २००१मध्ये सेय्ममध्ये आला आणि आता इथे व्हर्सायचा दरबार संपला म्हणाला. राजधानीतले शहाणे त्याच्या पोशाखाला आणि उच्चारांना हसले. मते मात्र त्याला पडली होती, आणि पुढे ती मते आपल्याकडे कशी ओढायची हे काचिन्स्कींना बरोबर कळलं. २०१६मध्ये त्यांच्या सरकारनं दरमहा ५०० झुओती मुलांसाठी द्यायला सुरुवात केली. तो निखळ पैशाचा प्रश्न होता, पण तोही सन्मानाच्या भाषेत मांडला गेला. देश गुडघ्यांवरून उठतोय, असं.

उदारमतवादी यातून सुटलेत असं कुणी समजू नये. त्यांनीही २०२३मधला आपला प्रचंड मोर्चा ४ जूनलाच काढला, कारण ४ जून १९८९ला कम्युनिस्टांना मतपेटीतून हरवलं होतं. माझ्या ऑफिसातली माणसं लाल-पांढरे बदाम लावून त्या मोर्चाला गेली. ती निवडणूक सरकार आणि विरोधकांच्या ज्या गोलमेज परिषदेतून आली, ती माझ्या मते या देशाची सगळ्यात मोठी राजकीय कामगिरी. गोळी न चालता राजवट बदलली. पण तडजोडीला इथे पुतळा मिळत नाही. वॉर्साजवळ माग्दालेन्का इथे सरकारी बंगल्यात छोट्या बैठका झाल्या, पोलीसमंत्र्याबरोबर पेले उंचावल्याची छायाचित्रं आहेत, आणि तिथेच देश विकला गेला असं मानणारा मोठा वर्ग आहे. त्या बैठकांना लेख काचिन्स्कीही हजर होते, याची आठवण त्या वर्गाला सहसा होत नाही. कम्युनिस्टांविरुद्धच्या कामगार चळवळीचे पुढारी, आपल्या वर्तमानपत्रांचे 'लेक वालेसा', तर एका बाजूला राष्ट्रपुरुष आणि दुसऱ्या बाजूला गुप्त पोलिसांचा खबऱ्या.

आता तर भांडायला व्यावसायिक आले आहेत. टुस्क ग्दान्स्क विद्यापीठातून इतिहास शिकलेले. त्यांच्या आधीचे पंतप्रधान मोराव्येत्स्की तेही इतिहासाचे. जून २०२५मध्ये ५०.८९ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले कारोल नावरोत्स्की इतिहासाचे डॉक्टर, आणि त्याआधी राष्ट्रीय स्मृती संस्थेचे प्रमुख. ही संस्था म्हणजे जुन्या गुप्त पोलिसांचं दफ्तर, संशोधन आणि सरकारी वकील असं सगळं एका छपराखाली. त्याही आधी ते ग्दान्स्कच्या दुसऱ्या महायुद्ध संग्रहालयाचे संचालक होते. तिथे पोलिश शौर्य दाखवायचं की जगभरच्या सामान्य माणसांचे हाल, यावरून मोठं रण माजलं होतं. संग्रहालयातलं भांडण जिंकून माणूस राष्ट्राध्यक्ष भवनात जातो, असं दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

या सगळ्यात माझ्यासारखीचं काय? पोलंड आणि भारताचे नेते भेटले की भाषणात जामनगर आणि कोल्हापूर येणारच. वॉर्सात जामनगरच्या 'भल्या महाराजां'च्या नावाचा चौक आहे, कोल्हापूरचं स्मारक आहे, २०२४मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. मी कोल्हापूरची म्हटल्यावर एका सरकारी कचेरीतल्या बाईंनी उठून हात मिळवला होता, माझी फाइल मात्र होती तिथेच राहिली. आणि २०२३च्या निवडणुकीत व्हिसा विकल्याचं प्रकरण गाजलं, त्यात सिनेमाचं पथक म्हणून आलेल्या भारतीयांचा किस्सा रोज टीव्हीवर, आणि या वेळी परक्यांची भीती घालण्यात टुस्कही मागे नव्हते. म्हणजे बोलणारा कोण त्यावर ठरतं, मी भल्या महाराजांच्या देशातली की खोट्या व्हिसावाल्यांच्या. दोन्ही भाषणं मी ऐकली आहेत. मी इथे कर भरते, डॉक्टरच्या रांगेत महिनोन्महिने थांबते, ट्रामचा पास काढते. त्या रांगेबद्दल लिफ्टमधल्या आजोबांशी माझं पूर्ण एकमत आहे, आणि त्यावर आम्ही चौथ्या मजल्यापर्यंत बोलतो. पाचव्यावर पुन्हा तेरा डिसेंबर सुरू होतं.